मोज्यांचा मान

"चोळी सोड," डॉक्टर म्हणाला आणि खिळ्यावरचे मोजे काढले.

रबराचे हातमोजे. कधीकाळी पांढरे असतील. आता जुन्या गाळणीसारखे पिवळे पडलेले. एकाची करंगळी फाटलेली, तिला चिकटपट्टी गुंडाळलेली. त्यानं ते झटकले, आत फुंकर मारली आणि हातात चढवले. मी टेबलावर बसले होते. डावं थान गळवानं दगडासारखं झालेलं. अंगात ताप. सासू उंबऱ्याबाहेर बसलेली, कारण आमच्या वस्तीतल्या पेशंटबरोबर दुसऱ्या कोणी आत यायचं नाही असा त्याचा नियम होता. तिच्या मांडीवर माझी तान्ही पोरगी. रडून रडून थकून गेलेली.

त्याचा हात जवळ आला. उजव्या मोज्याची दोन बोटं जांभळी होती. ओली.

तो जांभळा रंग मी ओळखला. जरा वेळापूर्वीच मी तो तुळशीराम बाबाच्या टाचेवर पाहिला होता. तुळशीराम बाबा आमच्याच वस्तीतले. त्यांची टाच सडली होती, इतकी की शेजारी बसवत नव्हतं. डॉक्टरनं त्यांना आत नेऊन जखम कोरली, जांभळं औषध भरलं आणि बाहेर काढलं. बाबा पायरीवर माझ्याजवळच टेकले होते. "लय आग होऊन राह्यली वं पोरी," म्हणत पायावर फुंकर घालत होते. आता तीच बोटं माझ्या थानाकडे येत होती, जिथं माझी पोरगी तोंड लावते तिथं.

मी अंग चोरलं.

वरवट बकालच्या अलीकडे आमचं गाव. दुष्काळाचं साल होतं. माझा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, घरी मी, सासू आणि लेक. आजूबाजूच्या गावांत मिळून हा एकच डॉक्टर. शहरात शिकून आलेला, बोलायला गोड. लोक त्याचं नाव काढत. आणि आमची वस्ती तर सगळ्यांत जास्त काढायची. का? तर मोजे!

हसू येतं आता. हसू कसलं, डोकं फिरतं. गावातल्या इतर कोणासाठी तो मोजे घालत नसे. फक्त आमच्यासाठी घालायचा. आम्हाला वाटलं, केवढा मान! धम्मदीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती. गावाच्या तोंडात आमच्या आळीचं नाव जुनंच होतं, विहीर वेगळी होती ती वेगळीच होती. त्यात एक शिकलेला माणूस आमच्या अंगाला हात लावायच्या आधी मुंबईचे मोजे घालतो, म्हणजे आमची किती काळजी! माझी सासू जळगाव जामोदला भाचीच्या लग्नात सगळ्या मांडवाला सांगत होती. "आमच्यासाठी खास मोजे हायेत बरं, पाटलासाठीही नाईत." मांडवातल्या बाया हरखून ऐकत होत्या. मीही माझ्या माहेरी तेच सांगितलं होतं. बढाई मारली होती चांगली.

कंपाउंडर एकदा बोलता बोलता म्हणाला होता, हे मोजे मुंबईत एकदा घालतात आणि फेकून देतात. आमचे साहेब काटकसरी, ते वर्षभर पुरवतात. म्हणून तर औषध स्वस्त पडतं. यावरही आम्ही मान डोलावली. शहरातल्या लोकांना काय, उधळपट्टीची सवयच, असं माझी सासूच म्हणाली. गरिबाला काटकसर शिकवावी लागत नाही ना. तिथंच तर आम्ही फसलो.

त्या दिवशी माझ्या आधी पाटलाची सून आत गेली. तुळशीराम बाबाच्या नंतर आणि माझ्या आधी. आम्ही पायरीवर बसायचो, ते लोक आतल्या बाकावर. खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता. तिला काखेत गळू झालं होतं. म्हणजे दुखणं जवळपास माझंच. डॉक्टरनं मोजे उतरवले. खिळ्याला अडकवले. कोपऱ्यात बादली होती, तिच्यातलं पाणी घेतलं, साबण घेतला, कोपरापर्यंत हात धुतले. टॉवेलनं पुसले. मग उघड्या बोटांनी तिची काख हळूच दाबून पाहिली. "दुखतंय का ताई?" असं विचारलं.

ताई!

मी बघतच राहिले. पहिल्यांदा एवढंच मनात आलं की, अरे, हिला मोजे नाहीत, बिचारी. बघा माझी अक्कल. मग ती गेली, माझं नाव पुकारलं, मी टेबलावर बसले, आणि त्यानं बादलीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ खिळ्याकडे हात गेला. आणि ती दोन जांभळी बोटं दिसली.

तेव्हा सगळं एकदम कळलं. डोक्यात कोणीतरी पेटती काडी टाकावी तसं झालं.

मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे मोजे आता बाबाच्या पायाले लावले होते."

"मग?" तो म्हणाला. "अगं, म्हणून तर मोजे आहेत. मला काही होत नाही."

"अन् मले?"

त्याला हा प्रश्नच कधी सुचला नव्हता, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. खोटं बोलणाऱ्याचं तोंड वेगळं दिसतं. हा खोटं बोलत नव्हता. आमच्या बाजूनंही मोज्याला एक अंग असतं, हे त्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मग त्यानं समजावणीचा सूर लावला. "हे बघ, एकेक जोडी मुंबईहून मागवावी लागते. प्रत्येकाला नवी काढली तर मी दवाखाना चालवू कसा? खर्च वाचवतो म्हणून तर तुमच्यासारख्यांना मी परवडतो. उपकार मान."

"मंग काढा ना ते मोजे," मी म्हणाले. "नवे नका आणू. साबनानं हात धुवा अन् हातानं पाहा. आता त्या ताईले पाह्यलं तसं. हात धुवायले काय खर्च लागते?"

"हातानं?"

एवढंच म्हणाला तो. आणि मग, अगदी सहज, लहान मुलाला समजावून सांगावं तसं म्हणाला, "अगं, मला घरी जाऊन जेवायचं असतं या हातानं."

शुद्ध बोलायला मी नंतर शिकले. राग मला अजून वऱ्हाडीतच येतो. आग लागो त्या जेवणाले! एवढे दिवस आम्ही तो मान समजून मिरवत होतो, आणि तो विटाळ होता. सडकी टाच, कोणाचं नासूर, कोणाचं खरजेलं पोरगं, सगळ्यांना एकच जोडी. कारण ती जोडी आमच्यासाठी नव्हतीच. ती त्याच्या ताटासाठी होती. मग ती धुवायची कशाला, उकळायची कशाला? आमचे रोग आमच्यातच फिरले तर त्याचं काय जात होतं?

मी चोळीची गाठ बांधली.

उंबऱ्यावरून सासू ओरडली, "सुनबाई, काऊन उठली वं? लावू दे ना त्याले. पोट्टी उपाशी हाये."

"नाई लावू देत, आत्याबाई."

"अवं मरशीन तू! अन् हे पोट्टी कोनाच्या जिवावर टाकशीन?"

ते मलाही कळत होतं. थान वेळेवर मोकळं झालं नाही तर दूध जाणार, ताप डोक्यात जाणार, आणि दुष्काळात बकरीचं दूधही मिळत नव्हतं. सासू काही चुकीचं बोलत नव्हती. तिला नात जगवायची होती. मलाही तीच जगवायची होती. पण तुळशीराम बाबाची टाच माझ्या थानात घालून ती जगणार कशी? हे मला तिला सांगायचं होतं. मी उंबरा ओलांडून बाहेर आले.

मागून डॉक्टर म्हणाला, "जा. उद्या पाया पडत येशील."

वरवटच्या फाट्यापर्यंत चालत गेलो. मी पुढे, सासू मागे, पोरगी तिच्या खांद्यावर. वाटभर सासू मला शिव्या घालत होती. एस.टी. उशिरा आली. जळगाव जामोदच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईनं गळू पाहिलं आणि तीही आधी माझ्यावरच खेकसली, "आता येतेस व्हय?" पण तिनं हात धुतले. माझ्यासमोर धुतले. चिरा देताना मी तिच्या हातांकडेच बघत होते. दुखलं किती, ते आठवत नाही.

जीव वाचला. पण त्या बाजूचं दूध आटलं ते आटलंच. पोरगी अर्धपोटी वाढली, हाडाची काडी झाली. सासू तिला आंघोळ घालताना फासळ्यांवरून हात फिरवायची आणि मला ऐकू जाईल असं बोलायची, "आईच्या हेक्यापायी झालं बाप्पा तुह्यं असं."

आणि वस्ती? वस्तीनं मला डोक्यावर घेतलं असेल असं कोणाला वाटत असेल तर सोडून द्या. डॉक्टरनं आमच्या आळीच्या लोकांना बघणंच बंद केलं. "त्या बाईला आधी माफी मागायला लावा," असा निरोप धाडला. एका पोराचा ताप उतरेना, एका बाईला जुलाब लागलेले, सगळ्यांच्या तोंडी माझंच नाव. मी त्यांना सांगत होते, अरे, मोजे मानाचे नाहीत, विटाळाचे आहेत. एका माणसाचा पू दुसऱ्याला लावतो तो. ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हो, पन तो डॉक्टर तं हाये ना." काय बोलणार यावर? भिंतीवर डोकं आपटावं असं व्हायचं.

शेवटी विहाराच्या ओट्यावर बैठक बसली. म्हाताऱ्यांनी ठरवलं की मी जाऊन माफी मागायची, दोन शब्दांचं काम. तुळशीराम बाबाही होते. त्यांचा पाय आता गुडघ्यापर्यंत सुजला होता. तेच म्हणाले, "मांगून टाक ना पोरी. मले मलमपट्टी पाह्यजे."

बाकी कोणी काही म्हटलं असतं तर मी भांडले असते. बाबांशी कशी भांडणार? त्यांच्या पायावर इतके दिवस कोणाकोणाची घाण चढली होती, ते तरी त्यांना कुठं उमजत होतं?

मी उभी राहिले. म्हणाले, "मी माफी मांगत नाई. बाबा, तुम्हाले मी जळगावले घेऊन जातो, खांद्यावर न्या लागलं तरी. अन् बाकीच्यायनं ऐका. उद्यापासून त्याच्या दारात उभी राह्यतो. आपलं जे कोनी आत जाईन, त्याले आधी सांगतो का हे मोजे आता कोनाच्या जखमेत होते. हात धुवून शिवशीन तं शीव, नाई तं नको शिवू, हे त्याच्या तोंडावर म्हना लागते. तुम्ही नाई म्हनत तं मी म्हनतो."

सासू उठून घरी गेली.

त्याच दिवशी बाबांना जळगावला पोचवून आले आणि दुसऱ्या सकाळी पोरीला कडेवर घेऊन दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिले. आत मोजे खिळ्यावर लटकत होते. मला पायरीवर बघून, माफी मागायला आली असं समजून डॉक्टरनं आमच्या लोकांसाठी दार उघडलं होतं. पहिला आला तो आमच्याच वस्तीतला माणूस, हाताच्या बोटाला फडकं बांधलेला. मी त्याला सांगितलं, सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सरक," म्हणाला.

मी सरकले नाही.