तेरा पाऊण पावणेदहा

मी ज्या वाडीत कामाला आहे, तिच्या मागून एक पायवाट खाडीच्या बांधावर जाते. बांधाच्या टोकाला उघाडी आहे. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये आणि शेतातलं पाणी बाहेर पडावं, म्हणून बांधलेली दगडी मोरी. तिला खाडीच्या अंगाला लाकडी झडप. भरती चढली की पाण्याच्या रेट्याने झडप आपली आपण मिटते. काळोख्या रात्री त्या झडपेसमोर पाण्यावर दिवा टांगून बसलं की जिताडा नावाचा मासा येतो.

असा काही उद्योग जगात असतो हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मी धाराशिवकडचा. आमच्या गावाला उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं. पोहायला शिकायचं तर ते हंड्यात का घागरीत? शाळा सातवीत सोडली. अपूर्णांकांनी सोडवली म्हणा. वर एक आकडा, खाली एक आकडा, मध्ये रेघ, आणि गुरुजींची छडी. पुढे पुण्यात हॉटेलात भांडी घासली, पनवेलला गोदामात राहिलो, आणि कुणाच्या तरी ओळखीने बोर्ली पंचतनजवळच्या या नारळी-पोफळीच्या वाडीत येऊन पोचलो. झाडांना पाणी द्यायचं आणि तीन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्यात त्या बघायच्या. मालक मुंबईला असतात. भला माणूस. पहिल्याच दिवशी साऱ्या चाव्या माझ्या हातात दिल्या, आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. कुलूप लावलं का, मोटार बंद केली का, गॅस बंद केला का, हे बघायला मी रात्रीत तीनदा उठायचो.

माझा हा फिरता टॉर्च शेजारच्या मावशीला तिच्या पडवीतून दिसायचा. मावशी साठीची, एकटी राहणारी. मुलगे मुंबईत. एका रात्री कुंपणाशी येऊन म्हणाली, "काय रं, भुतासारखा फिरतंस? झोप न्हाय लागत तर चल माझ्याबरोबर. दिवा धरायला माणूस हवंच हाय."

तेव्हापासून मी तिच्यासोबत जातो. हे तिसरं वर्ष. चार्जिंगचा दिवा बांबूला अडकवून पाण्यापासून हातभर वर सोडायचा. थोड्या वेळाने उजेडात बारीक मच्छी गोळा होते, कोळंबीचे डोळे लाल ठिणग्यांसारखे चमकतात. मावशी छोट्या जाळीने जिवंत कोळंबी उचलते, शेपटीकडून गरीत, म्हणजे गळाच्या आकड्यात, ओवते आणि दोरी सोडते. दोरी प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली असते. मग गप्प बसायचं. जिताडा उजेडात येत नाही. उजेड संपतो त्या रेघेवर, काळोखात उभा राहतो आणि तिथून झडप घालतो. ती रेघ बघत बसलो की मला कुलपं आठवत नाहीत. या एका गोष्टीसाठी मी मावशीचे किती उपकार मानू?

फक्त आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती पाण्याला फार भिते. मी इकडे यायला निघालो तेव्हा माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून तिने वचन घेतलं होतं, समुद्राच्या पाण्यात पाय घालणार नाही म्हणून. मी मनाशी म्हणायचो, बांधावर बसतो, पाण्यात कुठं जातो? पण असली पळवाट आपली आपल्याला फार दिवस पुरत नाही.

यंदा दिवाळीची गर्दी ओसरली, नाताळची यायची होती, तेव्हा आई आठ दिवस राहायला आली. पहिल्यांदाच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवून ओट्यावर बसलो होतो, तर मावशी दिवा आणि बांबू घेऊन दारात हजर.

"येतंस ना रं? पाणी चांगला हाय आज."

आई म्हणाली, "कुठं जायचंय, बाई?"

"उघाडीवर. जिताडा धराया. न्हाय सांगितला तुम्हांला? तीन वर्षं येतंय माझ्याबरोबर."

मी मान खाली घातली. आईने बांबूकडे आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्या डोक्यावर हात ठिवून सांगितलं व्हतंस."

"पाण्यात जात नाही, आई. बांधावरनंच."

"ते मी बघंन. मी बी येते. बघते आणि मग काय ते सांगते."

मी तिथंच ठरवून टाकलं. तिने नको म्हटलं की संपलं. तिला दुसऱ्यांदा फसवायचं नाही. पण मग काय? परत त्या टॉर्च घेऊन फिरायच्या रात्री.

वाटेत मावशी हळूच मला म्हणाली, "आज उठायचा टायम तू सांग. आईला कळूंदे, पोर येडा न्हाय."

उठायच्या वेळेला महत्त्व आहे. बांधाच्या मध्यावर एक सखल जागा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पूर्ण भरतीला तिच्यावरून पाणी जातं. म्हणून पूर्ण भरतीच्या अर्धा तास आधी ती ओलांडून अलीकडे यायचं. नाहीतर पाणी उतरेपर्यंत उघाडीवरच अडकून पडायचं. भरतीची वेळ काढायची रीत मावशीने मला पहिल्याच वर्षी सांगितली होती: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पूर्ण. पण हिशेब करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती उठली की मी उठायचो.

दिवा टांगला. आई उघाडीच्या दगडी कठड्याला पाठ लावून, पाण्यापासून जितकं लांब बसता येईल तितकी लांब बसली. एका हाताने माझ्या सदऱ्याचं टोक धरलेलं. तशात मी दोरी सोडली. पहिल्या तासात एक बारका शिंगाळा मासा आला, तो मावशीने परत पाण्यात टाकला. दोघींच्या गप्पा मात्र रंगल्या. आमच्याकडे मासा खातात का, खात असाल तर कुठला, काटे कोण काढतं, ज्वारीची भाकरी इतकी पातळ कशी थापता. मावशीला आईची भाषा अर्धी कळत होती आणि आईला मावशीची तेवढीही नाही, पण त्यांचं काही अडत नव्हतं.

मग आईने विचारलं, "आन् पाणी कधी वाढंल, ते कसं कळतं?"

मी रुबाबात मोबाइल काढला. "तेरस आहे आज. तेराची पाऊणपट. हे बघ, मशीनवर काढून ठेवलंय. नऊ पंच्याहत्तर. म्हणजे नवावर पंच्याहत्तर मिनिटं, सव्वादहा. आपण पावणेदहाला उठायचं."

आई माझ्याकडे बघत राहिली.

"काय म्हणलास? तेरा पाऊण सव्वाधा?"

"मशीन सांगतंय."

"मशीनला काय कळतंय! दहा पाऊण साडेसात, अकरा पाऊण सव्वाआठ, बारा पाऊण नऊ, तेरा पाऊण पावणेधा." तिने एका दमात म्हटलं. अडखळली नाही. "पावणेधाला पाणी भरंल. तू पावणेधाला उठतो म्हणतोस!"

आई शाळेची पायरी चढलेली नाही. मी थक्क होऊन विचारलं, तुला हा पाऊणकीचा पाढा कसा येतो? तर म्हणाली, "मामा तुझे रोज दिवेलागणीला पाढे वरडायचे. मी चुलीम्होरं भाकऱ्या करायची. त्यांचं पाठ व्हईना, माझं झालं." तिथ्या तर तिला विचारायलाच नकोत. उपासतापासांमुळे त्या तिच्या बोटांवर असतात.

मी वेळ बघितली. नऊ वाजून दहा मिनिटं. मी मावशीकडे वळलो, तर ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"तुला माहीत होतं?"

"व्हय तर. पाणी दिसतंय ना मला, आंधळी हाय का मी? म्हटला बगूया, आईसमोर कवापर्यंत बसतंय. सव्वानवाला मी उठवणारच व्हती." मग आईकडे वळून, "बाय, तुम्ही मात्र लय हुशार हां."

मी घाईघाईने दोरी गुंडाळायला घेतली आणि त्याच क्षणी ती ताणली. बाटली हातातून फिरली. उजेडाच्या रेघेपलीकडे काहीतरी उसळलं, चांदीसारखा एक पट्टा वर आला आणि फाडकन पाण्यावर आपटला. मावशी उभी राहिली. "जिताडाच रं!"

एकीकडे तो ओढतोय, एकीकडे सखल जागेवर पाणी चढतंय, आणि मागे आई. मी दोरी सोडूनच देणार होतो. खरं सांगतो, बोटं ढिली केली होती.

"सोडतो कशापायी?" आई ओरडली. तिच्या हातात आता माझा मोबाइल होता. "अजून पाच मिन्टं हायती. वढ!"

मी ओढला. मावशी म्हणेल तेव्हा सैल सोडला, म्हणेल तेव्हा खेचला. "कल्ल्यात हात घालू नको, पात्यासारखा कापतंय," असं ती दरवेळी बजावते, तसं तिने आताही बजावलं आणि जाळी घालून मासा वर घेतला. दोन-अडीच किलोचा असेल. आई मोजत होती, "दोन मिन्टं. चला आता, दिवा काढा, चला."

सखल जागेवर आम्ही पोचलो तेव्हा पाणी नुकतंच वर येऊ लागलं होतं, जेमतेम घोट्याएवढं. मावशी पुढे गेली. आई थांबली. तिने खाली बघितलं, लुगडं वर खोचलं, माझं मनगट घट्ट धरलं आणि पाण्यात पाय ठेवला. मधोमध पोचल्यावर म्हणाली, "कोमट हाय की रं," आणि पलीकडे जाऊनही तिने माझा हात घरापर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर ती पाय पुसून झोपून गेली. मी वाट बघत जागा होतो. सकाळी मावशीने आमसूल आणि ओलं खोबरं घालून जिताड्याचं कालवण केलं, आईने भाकऱ्या थापल्या, आणि तिघं ओट्यावर जेवायला बसलो. आईला पोटाकडचा तुकडा वाढला होता. ती काटे शोधत सावकाश खात होती. शेवटी मीच म्हटलं, "आई, मग काय ते सांग. तू म्हणशील तर नाही जाणार."

तिने बोट चाटलं, पाणी प्याली, आणि मावशीकडे वळली.

"बाई, आज चतुर्दशी. साडेधा. म्हंजी धाला उठायचं. मग घरातनं कवा निघायचं?"