उद्घाटनाच्या सकाळची कण्हेर

आमच्या तालुक्याच्या नव्या रुग्णालयाच्या बागेचा आराखडा करणारे साहेब यवतमाळहून येत आणि झाडांपुढेही भाषण करत. "पाणी नको, बकरी तोंड लावत नाही, वर्षभर फुलं! पर्यावरणपूरक म्हणतात ते हेच, बाबूजी," असं म्हणत ते कण्हेरीच्या रांगेकडे हात करत. मी बांधकाम खात्यातला कारकून. मान डोलावणं माझ्या कामातच होतं.

उद्घाटनाच्या सकाळी पाहतो तर साहेब इस्तरीच्या कपड्यांनिशी मातीत उकिडवे बसून तीच कण्हेर मुळासकट उपटत होते. मी हादरलोच.

"साहेब, मंत्री येऊन राह्यले! हे काय करता?"

"त्या बाईनं विचारलं," ते वॉर्डाच्या खिडकीकडे बघत म्हणाले. फीत कापायच्या आधीच वॉर्ड भरला होता. कापूस बुडाल्यावर फवारणीचं औषध प्यायलेला तिचा नवरा तिथे कसाबसा वाचला होता. "म्हणाली, 'साहेब, माह्या माणसाच्या डोयासमोर विषाचंच झाड कायले लावलं जी?'"

मी बाह्या वर सारून त्यांच्या शेजारी मातीत बसलो.

मंत्र्यांची गाडी फाटकातून आत आली, तेव्हा आम्ही दोघंही शेवटचं झुडूप ओढत होतो.