माहूरच्या पायऱ्यांवर विचारलेला प्रश्न

आई गेल्यानंतर माझं मन जे विझलं ते पेटेचना. कंधारच्या शाळेत वर्गात उभी राहून मी फळ्याकडे नुसती बघत राहायचे. शेवटी यजमानांनी नांदेडला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू मी सावरले. पण त्या गोळ्यांचाही त्रास होताच. तोंडाला कोरड पडायची, हात थरथरायचे. सगळ्यात जिव्हारी लागायचं ते निराळंच. देवघरात आरती म्हणताना पूर्वी डोळे भरून यायचे, आता आतून काहीच हलायचं नाही. माझ्या आणि रेणुकामातेच्या मध्ये ही गोळी येऊन बसली आहे, असं मला वाटू लागलं. त्यातच एक नातेवाईक म्हणाल्या, "आता बरी हायस की. नाम घे, गोळ्या कशाला?" मला ते पटलं. डॉक्टरांना न विचारता मी गोळ्या एकदम बंद केल्या.

दोन-तीन दिवसांतच सुरू झालं. गरगरायचं, मळमळायचं, कशावरूनही रडू यायचं. आणि डोक्यात एक विचित्र प्रकार व्हायचा. तो कुणाला सांगू शकले नाही, कारण त्याला शब्दच नव्हते. मला वाटलं, एक तर जुनं दुखणं उलटलं, नाही तर देवीचा कोप झाला. यजमानांना गोळ्या बंद केल्याचं माहीत नव्हतं. माझी अवस्था बघून ते एवढंच म्हणाले, "चल, माहूरला जाऊन येऊ. कुलदैवत आहे आपलं."

गड चढताना निम्म्या पायऱ्यांवर मला पुन्हा गरगरलं. मी कडेला बसले. यजमान पाणी आणायला खाली गेले. शेजारी हिरव्या लुगड्यातली एक वयस्क बाई बसली होती. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग जवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाली, "का गं माय, डोळं फिरवलं की डोक्यात करंट मारतोय का?"

हे लिहितानाही अंगावर काटा येतो. ज्याला मला शब्द सापडत नव्हते, तेच एका अनोळखी बाईच्या तोंडून आलं होतं. मी नुसती मान हलवली.

"गोळ्या चालू व्हत्या ना? एकदम सोडल्यास?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू मान वळवून बघायलीस, डोळं न्हाई हलवीत. मी बी असंच केलं व्हतं. लई भोगलं." तिनं माझा हात धरला. "हे दुखणं परत आलेलं न्हाई आन् कोप बी न्हाई. गोळी एकदम सोडली की असं हुतं. डॉक्टरला फोन लाव, आत्ताच."

"पण गोळीनं माझी भक्ती आटली, मावशी."

ती हसली. "देव काय गोळीला भितो व्हय?"

यजमान पाणी घेऊन आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं आणि तिथूनच फोन लावला. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी आजपासून पुन्हा सुरू करा, उद्या येऊन भेटा, बंद करायची तेव्हा आपण मिळून अगदी हळूहळू कमी करू, असं म्हणाले. आरतीतल्या कोरडेपणाचंही सांगा, त्यावरही उपाय बघू, असंही म्हणाले. तेही सांगता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. उरलेल्या पायऱ्या मी मावशींच्या आधारानं चढले की त्या माझ्या, हे आठवत नाही. रेणुकाआईच्या मुखाकडे बघितलं. रडू आलं नाही, पण आत नुसता आनंद उसळत होता. प्रसादाचा तांबूल तोंडात टाकला आणि मी लहान मुलीसारखी हसले.

पुढे औषध बदललं, मग कित्येक महिन्यांत थोडं थोडं कमी होत गेलं. मध्ये एकदा डोक्यातला तो झटका पुन्हा आला. डॉक्टरांनी थोडं थांबायला सांगितलं, मी थांबले. आता अगदी लहान मात्रा उरली आहे. ती कधी सुटेल हे मी ठरवत नाही. जी आई गड चढवते तीच डॉक्टरांच्या दारातही उभी असते, एवढं मला कळलं आहे.

मावशी शिरूर अनंतपाळच्या. नाव रुक्मिणबाई. आम्ही फोनवर बोलतो. एकदा यजमान भारावून त्यांना म्हणाले, "मावशी, त्या दिवशी तुमच्या रूपानं देवीच आली होती."

"देवी कशाची, बाबा," त्या म्हणाल्या. "माझा गुडघा धरला व्हता. सोबतची माणसं वर गेली, मी एकलीच मागं राहिले. देवीवर रुसून बसले व्हते तिथं, का मलाच अडवलीस म्हनून."

फोन ठेवल्यावर मी देवघरासमोर कितीतरी वेळ हात जोडून बसले होते.