मोबाईल आत, सरपंच भायेर

"मोबाईल टेबलावर ठेव अन् भायेर बस."

असं मला म्हणले आमच्या गावचे उपसरपंच. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो. अन् मी कोण? मी त्याच गावची सरपंच. निवडून आलेली. ऑफिसातल्या पाटीवर नाव हाय माझं, ऑईलपेंटनं लिहिलेलं.

मी मोबाईल ठेवला. भायेर आले. पायरीवर सगळ्यांच्या चपला पडल्या होत्या, त्या सरकवून बसले. आत माझ्या खुर्चीवर तात्या. शेजारी ग्रामसेवक, त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, कॉम्प्युटर उघडून बसलेले. जरा वेळानं माझा मोबाईल आत टिंग वाजला. भाऊसाहेबांनी आकडे मोठ्यानं वाचले, बटण दाबलं. तात्या म्हणले, "झालं. द्या हिला लावून घरी."

दोन वर्षं हेच चाललं.

आता पंचायतीचं सगळं दिल्लीला ऑनलाईन कळवावं लागतं. योजना दिल्लीची, नियम दिल्लीचा, तपासणार पण दिल्ली. अन् नियम असा, की सरपंचाच्या मोबाईलवर ओटीपी आल्याबिगर कागद पुढं सरकत नाय. तेवढ्यापुरती मी लागायचे. मी म्हणजे माझा मोबाईल. पारावर बसणारे मला ओटीपीबाई म्हणायचे. मी हसायचे. का हसायचे? आज आठवलं की अंगाची आग होते.

दहावी शिकलेली बाई मी. मालक वाळूजला कंपनीत, पाळ्या करतेत, सुट्टीला कन्नडच्या गाडीनं घरी येतेत. सीट राखीव निघाली तवा तात्या स्वतः ओढा ओलांडून आमच्या बौद्धांच्या वस्तीत आले होते. "तुझ्यासारखी शहाणी बाई पाहिजे गावाला." लई गोड बोलले. मी भुलले.

मग नळयोजना आली. दिल्लीचीच. घरोघर नळ. गावात पाईप गेला, पाणी आलं, खोटं कशाला बोलू. ओढ्यापाशी येऊन पाईप थांबला. पर नळ मात्र आमच्याकडं बी बसले! दारोदार एक खांब, खांबाला चकचकीत तोटी. जमिनीत काय? माती. मग फोटोवाला आला. "मावशी, तोटीला हात लावा. हसा."

सासूनं विचारलं, "अन् पाणी कुठंय रे बाबा?"

"फोटोत कुठं पाणी लागतंय, मावशी."

मीही हात लावला. मीही हसले. सरपंच ना मी! चपलांपाशी बसले त्या दिवशी आत जो ओटीपी वाचला, तो ह्याच फोटोंचा होता. मला कुणी सांगितलं नाय, अन् मी विचारलं नाय. तो गुन्हा माझा हाय. दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाय.

पाणी आम्हाला तात्यांच्या बोअरवरून. सकाळी तासभर मोटर चालते. घागरी खाली ठेवायच्या, पाईप त्यांचा गडी धरणार. आम्ही पाईपाला हात लावायचा नाय. आजही. ह्या वर्षी. कुणी म्हणतं आता तसलं काय राहिलं नाय, त्यानं सकाळी येऊन बघावं.

असंच एकदा सरपंचांच्या प्रशिक्षणाला संभाजीनगरला गेले होते. येताना एसटीत तात्यांचा फोन. "ओटीपी आलाय, वाच." मी वाचला. गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना, म्हणून ओरडून वाचला. शेजारी एक बाई होती, शहागंजातून कापडाचं गाठोडं घेऊन आलेली. तिनं माझा हातच धरला. "अगं बाई, ओटीपी सांगतेत का कुणाला? लुटतेत ना!"

"नाय, आमच्याच गावचे हायेत," मी म्हणलं.

"गावचा असो नायतर घरचा. मेसेजमधी काय लिहिलंय ते तर वाच."

दोन वर्षांत मेसेज आला की मोबाईल आत असायचा अन् मी भायेर. पुरा मेसेज मी कधी वाचलाच नव्हता. आकड्यांखाली इंग्रजीत एक ओळ होती. अक्षर अक्षर जुळवलं. डू नॉट शेअर विथ एनीवन. कुणालाच सांगू नका. दिल्ली मला दर वेळी हेच सांगत होती, अन् मी साऱ्या ऑफिसाला ऐकवत होते. त्या बाईला वाटलं मला कुणी लुटतंय. खोटं काय होतं त्यात? लुटलंच की! गाव येईस्तोवर मी खिडकीकडं तोंड करून रडले.

पुढच्याच महिन्यात भाऊसाहेब म्हणले, "ताई, उद्या दिल्लीचं पथक येतंय. सगळ्या घरांना नळ मिळाले, असं पक्कं नोंदवायचंय. तुमचा ओटीपी लागंल."

"नोंदवलं तर आमचा पाईप कधी येईल?"

"फाईल बंद होते मग, ताई."

दुसऱ्या दिवशी तात्या माझ्या खुर्चीवर. समोर दिल्लीच्या मॅडम, हातात टॅब. मी दारात. तात्या म्हणले, "मोबाईल ठेव."

"राहू द्या. हातात बराय."

मॅडमनी विचारलं, "सरपंच कौन हैं?"

"मैं ही सब देखता हूं, मॅडम," तात्या म्हणले.

भाऊसाहेबांनी कॉम्प्युटरवर बटण दाबलं अन् माझ्या हातात टिंग वाजलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडं.

"सांग," तात्या म्हणले.

उद्या बंद होणारी मोटर डोळ्यांपुढं आली. रिकाम्या घागरीपाशी म्हातारी सासू बी दिसली. मग मी मेसेज वाचला. आकडे सोडून, खालची ओळ. मोठ्यानं. "डू नॉट शेअर विथ एनीवन."

"डोकं फिरलं का तुझं?" तात्या उठलेच.

मी मॅडमकडं बघितलं. "सरपंच मैं हूं. आकडे माझ्यापाशी हायेत. ओढ्याच्या पल्याड चला, तोटी फिरवा. पानी आया तो बताती हूं."

मॅडमनी घड्याळ बघितलं. नाय येत ही, असंच वाटलं मला. पर उठल्या. ओढा ओलांडला, माझ्या दारातल्या तोटीला हात घातला, फिरवली. तोटी फिरेना. जरा जोर लावला, तर अख्खा खांबच उपटून हातात आला. वस्तीतल्या बाया फिदीफिदी हसल्या. मी हसले नाय.

मॅडमनी टॅबवर 'नाही'चं बटण दाबलं अन् गाडीत बसून गेल्या. मी काय शाबासकीची वाट बघत बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बोअरची मोटर बंद. वस्तीत दोघीचौघी माझ्यावर खेकसल्या, "तुझ्या तोंडापायी तहानलो आम्ही." खोटं नव्हतं ते. आता डोंगराच्या पायथ्याला जुनी विहीर हाय, तिथून शेंदून आणतो. पहिल्या दिवशी मी दारात डोकं धरून बसले, तर सासू म्हणली, "बोललीस ना? मग उचल घागर."

सदस्यांनी माझ्यावर अविश्वास ठराव आणलाय. ग्रामसभेत मतदान होईल. मालक फोनवर म्हणतेत, राजीनामा देऊन टाक, जिवाला घोर नको. राजीनामा मी देणार नाय. काढायचं तर गावानं मत टाकून काढावं, माझ्या तोंडावर. तोवर खुर्ची माझी. वस्तीत पाईप येईस्तोवर त्या कागदाला माझा ओटीपी नाय म्हणजे नाय.

परवा तात्यांचा फोन आला. आवाज तोच, हुकमाचा. "ओटीपी आलाय का?"

"आलाय," मी म्हणलं. "माझ्यापाशी आलाय. कागद घेऊन ऑफिसात या. मी खुर्चीवर बसलेय. आधी वाचीन."