नळाचा मुहूर्त

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत पहिला कॉम्प्युटर आला तो केशवराव धारूरकरांच्या घरी, अन् आला तोही ऐन दुष्काळात. आंघोळीला पाणी नाय अन् ह्यांनी मशीन आणलं. मी तोंडावर बोलले होते. केशवराव दिवसा कारकुनी करायचे, संध्याकाळी लोकांना मुहूर्त काढून द्यायचे. त्यांच्या बायकोनं, यमुनाबाईंनी, मशीनला हळदकुंकू लावलं, येणाऱ्याला चपला बाहेर काढायला लावल्या. त्यांचा हिमांशू तेव्हा नववीत. शाळेतून आला की मशीनपुढं बसायचा अन् जेवायला चार हाका माराव्या लागायच्या.

त्या साली नळ कधी येईल ह्याचा नेम नव्हता. बायका कामंधंदे सोडून हंडे राखत बसायच्या. हिमांशूनं गंमत म्हणून एक प्रोग्राम लिहिला, बटण दाबलं की पाण्याचा वार अन् वेळ सांगणारा. हिशोब काहीच नाय, मशीन मनाला येईल ते बोलायचं. हे त्यानं सगळ्यांना सांगितलं. पण पहिल्याच वेळी मशीन म्हणालं गुरुवारी चार, अन् गुरुवारी चारला नळ आला. मग काय, मुहूर्तवाल्याच्या घरचं मशीन ते! दारात नारळ घेऊन लोकं उभे. सरूबाईनं पोरीचं लग्न कधी जमंल ते विचारलं, मशीन म्हणालं रविवारी सात, तर ही बया रविवारी सातला नवी साडी नेसून दारात बसली.

वेळ काही चुकेना. पोरगंच घाबरलं. शेवटी ध्यानात आलं, की पाणी सोडणारा लाईनमन सांडू रोज चपला काढून आत यायचा, वेळ विचारायचा, अन् त्याच वेळेला व्हॉल्व उघडायचा.

"सांडूमामा, ते काहीही बोलतं हो. तुम्हीच ठरवा ना," हिमांशू वैतागून म्हणाला.

"मी ठरवलं तर लोकं माझी गचांडी धरतेत," सांडू म्हणाला. "मशीननं ठरवलं तर कुणी बोलत नाय."

दुष्काळ गेला, पुन्हा आला. बिडकीनकडं शेतांत कंपन्या उभ्या राहिल्या, गल्लीत तीन-तीन मजले चढले, पण नळ मशीनच्याच मर्जीवर. हिमांशू इंजिनिअर झाला. पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला ही पाण्याची गोष्ट त्यानं सांगितली, ते लोक पोट धरून हसले अन् त्याला घेतलं. प्रोग्राम लिहायची नोकरी, लहानपणापासून पोराला दुसरं काही नको होतं.

पण गल्ली त्याला सोडायला तयार नाय. शेजारचे बद्रीनाथभाऊ त्याच्या बॅगेवर बसले ते उठेचनात. "हा गेला तर पाणी कुठून यायचं?" असलं अडाणी बोलणं. अन् लाज वाटते सांगायला, मलाही तीच काळजी होती. पोराचा चेहरा एवढासा झाला. तेव्हा यमुनाबाई पुढं आल्या. "बटण मी दाबीन. मशीन बिघडलं तर पोराला परत बोलवा. आत्ता जाऊ द्या." गल्लीनं तसा त्याच्याकडून शब्द घेतला अन् मगच भाऊ उठले.

दोन वर्षांनी तो दिवाळीला आला. मी यमुनाबाईंबरोबर करंज्या लाटत होते. हिमांशू मशीनच्या खोलीत गेला अन् तसाच बाहेर आला.

"आई, हे कधीपासून बंद आहे? आतल्या वायरी उंदरांनी खाल्ल्यात."

"तू गेलास त्याच पावसाळ्यात बंद पडलं."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. "आवो, मग वेळ कोण सांगतंय?"

"मीच. आत जाते, जराशी थांबते, बाहेर येऊन सांगते." त्यांनी करंजीची कड दाबली. "बंद पडलं म्हटलं असतं, तर तुला परत आणलं असतं ना रे."

हिमांशू आईजवळ खाली बसला. तेवढ्यात बाहेर सांडूनं चपला काढल्या. "वहिनी, काय म्हणतंय?"

यमुनाबाई उठायला लागल्या. हिमांशूनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "आई, उद्या तू किती वाजता उठणार?" त्यानं हळूच विचारलं.

"सहाला."

तो आत गेला, जरासा थांबला, अन् दारात येऊन म्हणाला, "उद्या सकाळी, साडेसहा."