पुतळाबाईची पेटी, कृणालची गाडी

मालाडच्या सिग्नलला गाडी थांबली, पण इंजिन काही थांबलं नाही. पुतळाबाईने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर मुकाट समोर वळवली. स्टिअरिंगमागे पिवळा दिवा पेटला होता.

"बघ आये," कृणाल म्हणाला, "हीच गाडी सिग्नलला कशी गप्प उभी राहायची. बॅटरीवर. पेट्रोलचा थेंब नाय. आता घरघरते म्हातारीसारखी."

"म्हातारी कोणाला बोलतोस रे?"

एरवी तो हसला असता. आज त्याने फक्त गिअर टाकला.

वेसाव्याच्या कोळीवाड्यातली ही पुतळाबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासून चारकोपच्या मच्छीबाजारात बसते. नवरा गेला तरी तिने ओटा सोडला नाही. एकवीरा आईचं नाव घेऊन पहाटे बंदरावर माल उचलायचा, बर्फात घालायचा आणि बाकीच्या बायकांबरोबर टेम्पोत चढायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि टेम्पोची फळी तिला परकी झाली. तेव्हा कृणालच म्हणाला, मी सोडतो. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी जुनी हायब्रीड गाडी त्याने विमानतळाच्या भाड्यांसाठी घेतली होती. सकाळी आधी आई, मग भाडी. डिकीतली निम्मी जागा बॅटरीनेच खाल्लेली, म्हणून माशांची पेटी मागच्या सीटवर.

आता ती गाडीच विकायचं चाललं होतं. कंपनीने लिटरला सत्तावीस किलोमीटर सांगितले होते, कृणालला मुंबईच्या गर्दीत बावीस मिळत आणि तो त्यावर खूश होता. दोन-चार महिन्यांत ते चौदावर आलं. पेट्रोलपंप बदलून झाला, टायरात हवा भरून झाली. बॅटरीच संपली असेल तर नवी घालणं झेपणारं नव्हतं. दहा वाजता एजंट गाडी बघायला येणार होता. त्याआधी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या धोंडूला दाखवायची, एवढंच शेवटचं उरलं होतं.

गाडी गेली की आपला ओटा गेला, हे पुतळाबाईला कोणी सांगायला नको होतं. चार दिवस जागा रिकामी दिसली की तिथे दुसरीची पाटी येतेच. मुलाला मात्र ती हे बोलली नव्हती. तो आधीच रात्र-रात्र जागत होता.

धोंडू मूळचा मालवणचा. त्याने गाडीला यंत्र जोडलं, काचेवरचे आकडे वाचले आणि भुवया वर केल्या.

"बॅटरी मेलली नाय हा. पण तापता हा लय. तापली की गाडी तिका हात लावणा नाय, सगळो भार इंजिनावर टाकता. म्हणान तुझो अॅव्हरेज पडता."

"पण तापते कशाने?"

"तिका वारो लागता. मागच्या सीटच्या बगलेक जाळी आसता, थयसून पंखो गाडीतली थंड हवा ओढून बॅटरीक घालता. ती बघूक होयी."

पुतळाबाईची नजर मागच्या सीटकडे गेली.

ती जाळी तिला ठाऊक होती. सीटच्या कुशीतून वारा आत खेचला जातो, हे तिच्या हाताला पहिल्या आठवड्यातच लागलं होतं. आणि बर्फाला वारा लागू द्यायचा नाही, हे तिला सासूने शिकवलेलं. होडीच्या खणात मासळी भरताना एकही फट ठेवत नाहीत. म्हणून तिने सीटवर जुनी ताडपत्री अंथरली, कडा घट्ट खोचल्या आणि त्या जाळीत गोणपाट ठासून बसवला. भाड्याच्या माणसांना वास नको म्हणून ताडपत्री रोज निघायची. गोणपाट तिथेच राहायचा. मुलाच्या गाडीला पाणी लागू नये, माल ताजा राहावा, एवढंच मनात.

धोंडू मागचं दार उघडून वाकला. गोणपाट त्याच्या हाती लागेपर्यंत ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. जुन्या मालकाचा म्हणून खपलाही असता.

"थांब धोंडू," ती म्हणाली. "तिथे माझा गोणपाट आहे. मी कोंबलाय."

कृणालने तिच्याकडे पाहिलं. मग धोंडूला बाजूला करून त्याने स्वतःच जाळीत हात घातला.

गोणपाट निघाला, मागोमाग खवले, मिठाने पांढरी झालेली धूळ. पंख्याची पाती चिकटून गेली होती. धोंडूने ती काढून घासली, वाळवली, परत बसवली. तोवर बाहेर उन्हं वर आली. पेटीतून पाण्याची धार गाडीच्या पायदानावर उतरू लागली आणि त्या पाण्यातली पापलेटं पुतळाबाईला डोळ्यांपुढे दिसत होती, पण पेटीला हात लावायची तिची छाती झाली नाही.

"चालेल ना आता?" कृणालने विचारलं.

"चलात. पण बॅटरीन सोसल्यान हा. किती तग धरीत, ता माका सांगूक येवचा नाय. चालवून बघ."

फोन वाजला. एजंट होता. कृणालने स्क्रीनकडे बघत तो दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"आज नको. कळवतो." एवढंच बोलून ठेवला.

मग त्याने पेटी उचलली, पुढच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला.

"आये, तू मागे बस."

"आणि तुला पुढे वास येईल तो?"

"कोळ्याचं पोर मी. वासाला काय मरतोय? भाड्याच्या आधी पुसून काढीन. तू बस, आणि पदर आवर. त्या जाळीवर काही पडता कामा नये."

पुतळाबाई मागे बसली, जाळीपासून अंग चोरून, लुगड्याचा काठ मुठीत धरून. पिवळा दिवा पुसला गेला होता. पण धोंडूने यंत्रानेच तो पुसलेला, परत पेटायचा तर पेटेल. सेक्टरच्या वळणावर गर्दी तुंबली. गाडी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. इंजिन चालूच होतं. कृणालची मान ताठ झालेली तिला मागून दिसत होती.

बाजाराच्या अलीकडच्या सिग्नलला लाल लागला. गाडी उभी राहिली. इंजिनाची घरघर बारीक होत गेली आणि थांबली. सीटच्या बगलेतल्या जाळीतून हवा ओढल्याचा हलका आवाज तेवढा येत राहिला.

"आये," कृणाल मागे न बघता म्हणाला, "हलू नको."

ती हलली नाही.