जिन्यातल्या गप्पा

आई गेली तेव्हा आमच्या मानक नगरच्या बिल्डिंगमधल्या बायका आळीपाळीने येऊन माझ्याजवळ बसल्या आणि प्रत्येकीने एकच गोष्ट सांगितली. डॉक्टरनीजी जिना चढून सरळ कधी वर गेल्या नाहीत. प्रत्येक मजल्यावर थांबायच्या, कडी वाजवायच्या, कोण कसं आहे विचारायच्या. "इतनी बड़ी डॉक्टर, और हर मंज़िल पर रुकती थीं," असं म्हणत पहिल्या मजल्यावरच्या चाचींनी डोळ्यांना पदर लावला. मी मान हलवत होते. आई त्या जिन्यात का थांबायची हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती जाण्याच्या दहा-बारा वर्षं आधी मला ते कळलं होतं, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत मी जेवढी घाबरून होते तेवढी नंतर आयुष्यात कधी घाबरले नाही.

आई नागपूरची. गिरणी कामगाराची मुलगी, वस्तीतली पहिली डॉक्टर. बाबा रेल्वेच्या संशोधन खात्यात इंजिनियर, म्हणून आम्ही लखनौला. सकाळी ती सरकारी दवाखान्यात असायची आणि जेवण झालं की स्कूटर काढून घरोघरी फिरायची. पदर खोचून स्कूटर हाकणारी बाई तेव्हा लखनौत कोणी पाहिलेली नव्हती. लोक सायकल थांबवून बघायचे. तोंड तर असं, की खोकत आलेल्या माणसाच्या खिशातली बिडी आधी काढून घ्यायची आणि मग नाडी बघायची. एखाद्या नव्या पेशंटने आमच्या जातीचा अंदाज घेत "आप लोग कौन हैं?" असं विचारलं, की म्हणायची, "डॉक्टर हैं. मुँह खोलिए."

बाबा अगदी उलटे. त्यांना स्कूटरच्या इंजिनाची खडानखडा माहिती, पण चालवायची म्हटलं की घाम फुटायचा. ते ऑफिसला सायकलने जात. रविवारी मात्र खाली अंगणात स्कूटर उघडून बसत, प्लग पुसत. मीटरचा आकडा तर रोज रात्री वहीत लिहून ठेवत. आईच्या मागे बसायला तर ते कधीच तयार झाले नाहीत. कॉलनी हसेल, म्हणायचे. मला त्यांचा या एका गोष्टीसाठी फार राग यायचा.

दर गुरुवारी दुपारी आई तेलीबागेत जायची. तिथे एका दूधवाल्याच्या ओसरीवर आसपासच्या गरोदर बायका जमत, ती त्यांना तपासायची. मी हायस्कूलच्या, म्हणजे दहावीच्या वर्षाला होते तेव्हा एका गुरुवारी चाचींच्या छातीत दुखायला लागलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी सायकल काढली आणि उन्हात दामटत तेलीबाग गाठली. ओसरी रिकामी होती. दूधवाल्याची बायको शेणाच्या गोवऱ्या थापत होती. ती म्हणाली, "डॉक्टरनीजी? बिटिया, वो तो दो महीने से बुधवार को आती हैं. आज कहाँ."

मी परत आले. चाचींचं दुखणं म्हणजे गॅस होता, एक ढेकर आला आणि त्या उठून बसल्या. मी मात्र सुन्न होऊन वर आमच्या दारात उभी राहिले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. साडेपाचला खाली स्कूटर थांबली, आईच्या चपला वाजल्या आणि पहिल्या मजल्यावर येऊन थांबल्या. "क्यों चाची," असं ऐकू आलं. मग काहीच नाही. मग "दवा ली?" असं आलं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. आईने एका हाताने चाचींच्या दाराची चौकट धरली होती, मान खाली होती, आणि खांदे वरखाली होत होते. चाची आपल्या दुखण्याचं रामायण सांगत होत्या, आणि आई ते ऐकून घेत नव्हती, श्वास घेत होती. दुसऱ्या मजल्यावर तिने पुन्हा कडी वाजवली, पुन्हा चार शब्द बोलली आणि पुन्हा थांबली. हे मी किती वर्षं बघत आले होते! आईला गप्पा मारायला आवडतं, एवढंच मला वाटायचं.

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. "आज कुठे होतीस?"

ती खोटं बोलली नाही. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. त्या तापाने हृदयाची एक झडप हळूहळू अरुंद होत गेली होती. मोठ्या इस्पितळात गुरुवारी हृदयाची ओपीडी असते, तिथे ती जात होती. ऑपरेशन करून झडप मोकळी करायला हवी, असं तिथले डॉक्टर सांगत होते.

"मग कर ना!"

"तुझी परीक्षा होऊ दे."

"आई, माझ्या परीक्षेचा काय संबंध?"

ती गवार मोडत होती. मोडतच राहिली. "टेबलावर घेतलेले सगळे परत येत नाहीत गं. मी पाहिलंय. मला भीती वाटते, समझी? आणि बाबांना सांगायचं नाही. ते मला उद्यापासून पलंगावर झोपवून ठेवतील, मग मी अशीच मरेन."

साऱ्या लखनौला दटावणारी माझी आई घाबरली होती. मी शब्द दिला, आणि देतानाच तिच्यावर मनातून इतकी चिडले होते की तिने पुढे केलेला खाऊचा डबा घेतलासुद्धा नाही.

त्यानंतर माझं अभ्यासात लक्ष लागेना. संध्याकाळी पुस्तक उघडून बसायचे आणि कान जिन्याकडे. चपला थांबल्या की त्या पुन्हा वाजेपर्यंत मनात आकडे मोजायचे. सुरुवातीला वीसपर्यंत जायचे. थंडी पडली तेव्हा चाळीसच्या पुढे जायला लागले. आडवं पडलं की तिला दम लागायचा, म्हणून उशाला एका उशीच्या दोन झाल्या, मग तीन. बाबांना "पाठ दुखते" म्हणाली आणि त्यांनी "अच्छा" म्हणून कापूसवाल्याकडून उशी भरून आणली. माझा संताप व्हायचा. एवढा हुशार माणूस, रुळावरून डबा का घसरतो ते कागदावर मांडून दाखवतो, आणि स्वतःच्या बायकोला धाप लागते ते याला दिसत नाही? स्कूटरवर मात्र रोज काम चालायचं. एका किकमध्ये सुरू व्हायलाच पाहिजे, हे एकच वेड त्यांनी घेतलं होतं.

माघातल्या एका शनिवारी संध्याकाळी चपला पहिल्या मजल्यावर थांबल्या आणि कडी वाजली नाही. मी चाळीस मोजले, साठ मोजले. खाली आवाज नाही. मी दोन-दोन पायऱ्या उतरत धावले. आई पायरीवर बसली होती, ओठ जांभळे पडले होते, आणि चाची तिला भर थंडीत सुपाने वारा घालत होत्या. मला बघून ती हसायला गेली. हसायलाही तिच्याकडे श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा अंगणात स्कूटर उघडून बसले होते. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि दिलेला शब्द मोडला. झडप, ओपीडी, ऑपरेशन, सगळं एका दमात सांगितलं. ते प्लग पुसत राहिले.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "गुरुवारी मीटर जास्त पडतो. तेलीबागेपेक्षा चार किलोमीटर जास्त."

ते खाली बघूनच सांगत होते. एका गुरुवारी ते सायकलने तिच्या मागे गेले होते. ओपीडीच्या बाकावर ती हातात कार्ड घेऊन बसली होती, पेशंटांच्या रांगेत, नंबरची वाट बघत. ते खांबाआडून बघून परत आले.

"मग बोलला का नाहीत?"

"तिनं जाणंच बंद केलं असतं. आणि बोलून काय सांगणार? डॉक्टर ती आहे." मग प्लग जागेवर बसवत म्हणाले, "किक मारताना दम लागू नये, एवढं माझ्या हातात होतं. ते करत होतो."

मी त्यांच्यावर ओरडले. तुम्ही दोघंही भित्रे आहात, आणि तुमच्या भित्रेपणात माझी आई मरेल, असं भर अंगणात ओरडले. वरच्या खिडक्या उघडल्या. बाबा उठले आणि तेलकट हातांनीच जिना चढले. मी मागोमाग गेले. आई उशांना टेकून बसली होती.

"ऑपरेशनची तारीख घेऊ," बाबा म्हणाले. "मी येतो बरोबर."

आईने माझ्याकडे पाहिलं. "फितूर!" म्हणाली. पण तिचा चेहरा सैल पडला, खूप दिवसांचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसा. पुढच्या गुरुवारी सगळी कॉलनी बघत असताना बाबा तिच्या मागे स्कूटरवर बसले, डोळे मिटून, एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने तिचा खांदा घट्ट धरून. हसलं कोणीच नाही.

ऑपरेशनच्या दिवसाचं मला फार आठवत नाही. लांबलचक व्हरांडा, फिनाइलचा वास आणि बाबांनी शर्टाच्या बटणाला पीळ देऊन देऊन तोडलेला धागा, एवढंच आहे. झडप मोकळी झाली म्हणाले. पण खरं काय ते घरी जाऊन जिना चढल्यावर कळेल, असं मला वाटत होतं.

होळी होऊन गेल्यावर ती घरी आली. मला वर चहा टाकायला पाठवलं होतं. गॅससमोर उभी राहून मी ऐकत होते. रिक्षा थांबली. बाबांचा आवाज आला, मग चपलांचा. पायऱ्या चढल्या आणि पहिल्या मजल्यावर थांबल्या.

म्हणजे काहीच झालेलं नाही. छाती फाडून घेतली, एवढे दिवस काढले, आणि तसंच आहे. मी मोजायला सुरुवात केली. चारपर्यंत गेले असेन, तेवढ्यात कडी वाजली आणि आईचा आवाज आला, "क्यों चाची, मैं नहीं थी तो अचार फिर शुरू कर दिया न, पैर दिखाइए, देखिए कितनी सूजन है, और वो सफ़ेद वाली गोली कहाँ है?" मध्ये कुठे खंड नाही. दुसऱ्या मजल्यावर ती पुन्हा थांबली, तिथल्या सुनेला झापलं, बाळाचं वजन विचारलं, आणि वर आली. दारात उभी राहिली तेव्हा धाप लागली होती ती बाबांना.

"आता कशाला थांबलीस?" मी विचारलं.

"म्हणजे काय? बरी झाले म्हणून शेजार सोडू?"

मी तिथेच उभ्याउभ्या रडायला लागले. ती चपला काढत म्हणाली, "रड नंतर. चहा उतू जातोय."